गाडीला माझं वजन कळलं

हनीफचाचा,

गेल्या अठरा दिवसांत मी तुमच्या गल्लीत तीनदा शिरले आणि तिन्ही वेळा न थांबता पलीकडून बाहेर पडले. पहिल्यांदा तुमच्या दुकानाचं शटर खाली होतं. दुसऱ्यांदाही खालीच होतं, पण त्याच्यासमोर कुणीतरी भाजीची हातगाडी लावली होती. तुम्ही असतात तर तिला तिथून हलवलं असतंत, आणि हलवताना चाक करकरतं म्हणून चाकाला तेलही घातलं असतंत. तिसऱ्यांदा मी शटरकडे बघितलंच नाही. गियर न बदलता सरळ गेले, आणि साक्री येईपर्यंत स्वतःवर चिडत राहिले.

बातमी कळली तेव्हा मी एका गोठ्यात होते. हात खांद्यापर्यंत हातमोज्यात, गाय तपासत होते. खिशातला फोन तीनदा वाजला म्हणून गायीच्या मालकाने तो काढून माझ्या कानाला लावला. पलीकडे जैबूनचाची होत्या. "बेटी, तुझे चाचा गेले. काल. माती पण झाली." मी "हो" म्हटलं. गाय दोन महिन्यांची गाभण होती, तेही मालकाला सांगितलं. वहीत लिहिलं, हात धुतले, गाडीला किक मारली. दोन किलोमीटर गेल्यावर गाडी कडेला घेतली आणि मग कळलं की आपण काय ऐकलंय. तेव्हापासून मला एका जागी बसवत नाही. जेवायला बसले की उठते. सुट्टीच्या दिवशी विनाकारण दवाखाना उघडून औषधांची कपाटं लावते. म्हणून हे लिहितेय, तेही तुकड्यातुकड्यांत, मधे उठून फेऱ्या मारत.

साडेतीन वर्षांपूर्वी मी धुळ्याला तुमच्या दुकानात आले ती तुटलेलं कॅरिअर वेल्डिंग करायला. साक्रीकडच्या डोंगरातल्या अकरा गावांची मी पशुधन पर्यवेक्षक. भडगावहून बदली होऊन आले तेव्हा सगळ्यांनी स्कूटर घे म्हणून सांगितलं. पण तिकडच्या रस्त्यांवर स्कूटरचं लहान चाक खड्ड्यात बसतं ते निघत नाही, म्हणून मी भावाची मोटारसायकल घेतली. कॅरिअरवर औषधांची पेटी आणि शेजारी नायट्रोजनचं भांडं. वेल्डिंगसाठी मी ते भांडं उतरवलं तेव्हा तुम्ही लांबूनच विचारलंत, "ह्याच्यात काय शे?"

मी सांगितलं, की ह्यात नायट्रोजन असतो, बर्फाच्या कितीतरी पट थंड. त्यात वळूच्या बीजाच्या कांड्या ठेवतात आणि गाय माजावर आली की ती कांडी भरतात. नायट्रोजन कमी झाला की कांड्या खराब होतात. मग गाय गाभण राहत नाही, उलटते.

"किती दिवस पुरतो?"

"पुरायला पाहिजे पंधरा दिवस. माझा आठव्या दिवशी तळाला जातो."

तुम्ही वेल्डिंग बाजूला ठेवलंत. भांडं हलवून बघितलंत, झाकण बघितलंत, भांड्याच्या मानेवरचे ओघळ बघितलेत. मग माझ्या गाडीची शेपटी दोन्ही हातांनी खाली दाबलीत. ती जेमतेम बोटभर गेली आणि ताडकन वर आली.

"तू बस बरं."

मी बसले. तुम्ही मागच्या चाकाच्या मधोमध पट्टी लावून वरपर्यंतचं अंतर मोजलंत. मला उतरवून, गाडी उचलून पुन्हा मोजलंत. मग चष्मा कपाळावर चढवून म्हणालात, "ही गाडी दोन पैलवानांसाठी बनवेल शे. तू बसनी ते हिले कळनंच नही."

मी हसले होते. पण घरी जाताना ते वाक्य डोक्यातून जाईना. तेव्हा दगा आबांची गाय तिसऱ्यांदा उलटली होती आणि आबांनी भर चावडीवर म्हटलं होतं, "बाईना हातले गुण नही." दगा आबा म्हणजे त्या बाजूचे सगळ्यात जुने गुराखी-शेतकरी. ते म्हणाले की अकरा गावं म्हणाली. लोक मला पाणी देत, चहा देत, आणि गाय माजावर आली की शेजारच्या तालुक्यातल्या माणसाला फोन करत. मी कांडी भरण्याचं तंत्र पुन्हापुन्हा तपासत होते. पुस्तकं उघडत होते. रात्र रात्र स्वतःच्या हाताकडे बघत होते. माझी गाडी भांडं उडवत असेल, नायट्रोजन हिंदकळून उडून जात असेल, हे मला कुणी सांगितलं नाही. मी कुणाला विचारलंही नव्हतं. एका मेकॅनिकने ते न विचारता सांगितलं.

तुमची उमेदीची सारी वर्षं ट्रकचे कमानपाटे बनवण्यात गेली होती. लोखंड किती वाकवलं की परत येतं आणि किती वाकवलं की मोडतं, हे तुमच्या हाताला कळायचं. तरी तुम्ही हातावर विसंबला नाहीत. दुकानात मागे तो हातप्रेस होता, त्याच्याखाली वजनकाटा. भंगारातून, जुन्या गाड्यांतून काढलेल्या स्प्रिंगा तुम्ही एकेक करून दाबायचात. सेंटिमीटरभर दबायला किती किलो लागले ते खडूने भिंतीवर लिहायचात. माझ्यासाठी तुम्ही नऊ जोड दाबलेत. मला वाटलं होतं, मऊ स्प्रिंग टाकली की झालं. तुम्ही म्हणालात, "मऊ टाकली तर तू एकटी मजेत जाशील. पेटी भरली, भांडं भरलं, की गाडी बुडाला टेकेल. तुझं वजन, सामानाचं वजन, रस्ता, तिन्ही मोजायचे." माझ्या औषधांच्या पेटीतली प्रत्येक बाटली तुम्ही त्या काट्यावर ठेवलीत. माझ्या नोकरीत माझ्या कामाची इतक्या बारकाईने चौकशी कुणी केली नव्हती, चाचा. वरिष्ठांनी तर नाहीच.

मग लळिंगच्या बाजूचा तो तुटका रस्ता. तिथल्या मोडक्या मोरीवरून तुम्ही मला अकरा वेळा जायला लावलंत आणि स्वतः कडेला उकिडवे बसून मागच्या चाकाकडे बघत राहिलात. "एकदा खाली गेली, एकदा वर आली, आणि थांबली पाहिजे. तुझी अजून दोनदा नाचते." पुन्हा पान्हा, पुन्हा मोरी. शेवटी म्हणालात, "आता मी मागे बसतो." मी गडबडले. तुम्ही पासष्टीचे, पांढरी दाढी, डोक्याला टोपी. मी पस्तिशीची, सरकारी ओळखपत्र गळ्यात. तुम्ही शांतपणे स्प्रिंग घट्ट करायची रिंग दोन खाचा वर घेतलीत, कारण "माझं वजन तुझ्या सामानापेक्षा जास्त," आणि मागे बसून कॅरिअरची दांडी धरलीत.

चहाच्या टपरीवर कुणीतरी ओरडलं, "चाचा, ड्रायवर भारी ठेवली!"

तुम्ही डोळे मिटूनच उत्तर दिलंत, "ड्रायवर नही, डॉक्टरीण शे. तुझा बैल दाखवायचा असेल तर थांबवतो."

मी डॉक्टर नाही, पर्यवेक्षक आहे, हे मी तुम्हाला किती वेळा सांगितलं. तुम्ही म्हणायचात, "गायीले विचार."

डोळे मिटून तुम्ही पाठीने ऐकत होतात. "आता खड्डा आला ना? कळला, पण लागला नाही. चल, वळव. अजून झुकव. भिऊ नको, मागचं चाक माझ्याखाली आहे, मला सगळं कळतंय." त्या दिवशी पहिल्यांदा गाडी माझ्याबरोबर वळली. तोवर मी वळायचे आणि ती मागून फरफटत यायची.

त्या महिन्यात नायट्रोजन तेरा दिवस टिकला. दगा आबांनी चौथ्यांदा मला बोलावलं, ते त्यांच्या सुनेच्या हट्टामुळे. मी कांडी भरली आणि पुढचे तीन महिने तुम्ही मला भेटल्यावर आधी "बरी आहेस का" विचारायचं सोडून "दगाजीची गाय?" एवढंच विचारायचात. गाय गाभण ठरली तेव्हा मी फोन केला. मागून हातोडीचा आवाज यायचा तो थांबला होता, एवढंच मला ऐकू आलं.

कालवड झाली तेव्हा तुम्ही स्वतःहून म्हणालात, "मले दाखव." मी तुम्हाला घेऊन गेले. आबा खाटेवर बसले होते. त्यांनी तुमच्याकडे बघून विचारलं, "हाऊ कोन शे?" मी उत्साहाने सांगायला लागले, की आबा, गाय राहिली ती ह्यांच्यामुळे, माझ्या गाडीच्या स्प्रिंगा… तुम्ही माझं वाक्य मधेच तोडलंत. "मी धुळ्याचा. डॉक्टरीणबाईनं मना नातूनी शेळी बरी करी, म्हणून पाया लागाले उनू." तुम्हाला नातूही नव्हता आणि शेळीही नव्हती. आबा माझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. परत येताना मी तुमच्यावर चिडले. तुम्ही मागून म्हणालात, "स्प्रिंगचं नाव काढू नको. लोक म्हणतील, गाडीला गुण होता. तुझा हात दिसू दे त्यांना."

हे मी कुणालाही सांगितलं नाही, चाचा. आज लिहिते आहे. आता तुम्ही मला अडवू शकत नाही.

एवढं सगळं तुम्ही केलंत, आणि तरी मी तुमच्याशी भांडले. भांडण उंचीवरून होतं. मी पाच फूटही भरत नाही. गाडी उभी असताना माझ्या दोन्ही पायांची फक्त बोटं टेकायची. सपाट रस्त्यावर चालून जायचं. पण डोंगरातल्या अंगणांना उतार असतो. दोनदा मी थांबता थांबता आडवी झाले, गोठ्यासमोर, लोकांसमोर. एकदा तर पोरं हसली, आणि बायका धावत आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जी कीव होती, ती पडण्यापेक्षा जास्त लागली. मी तुम्हाला म्हटलं, "चाचा, गाडी दोन इंच खाली घ्या. आखूड शॉकअप टाका."

"नही."

"का नाही?"

"मागून खाली घेतली तर पुढून तोंड वर करते. हँडल जड होतं. वळणावर डबल स्टँड घासतो. स्टँड घासला तर चाक उचलतं. गाडी चालायसाठी असते पोरी, थांबायसाठी नसते. तू थांबायला शीक. एक पाय टेकव, एका बाजूला कल."

"तुम्ही पावणेसहा फूट आहात. तुम्हाला काय कळणार?"

"मले गाडी कळते."

"गाडी कळते, माणूस कळत नाही तुम्हाला!"

दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासमोर मी असं बोलले. तुम्ही पान्हा पुसून जागेवर ठेवलात आणि दुसऱ्या गाडीकडे वळलात. मला वाटलं, हेही इतर सगळ्यांसारखेच. बाईला अडचण असली की तिने शिकायचं, तिने कलायचं, वस्तू आहे तशीच राहणार.

पुढच्या रविवारी मी जळगावला बहिणीकडे गेले होते. तिथे एका दुकानात आखूड शॉकअप बसवून घेतले. अर्ध्या तासाचं काम. दुकानदाराने काही मोजलं नाही, मीही मोजायला सांगितलं नाही. दोन्ही तळवे जमिनीला टेकले तेव्हा मला इतका आनंद झाला की मी धुळ्यापर्यंत उगाचच तीन ठिकाणी थांबले. नुसता थांबायचा आनंद घ्यायला. दोन महिने मी तुमच्या गल्लीत फिरकले नाही. धुळ्याला औषधं घ्यायला यायचे तेव्हा लांबच्या रस्त्याने जायचे. गाडी जड झाली होती, वळायला नाखूश होती, हे मला कळत होतं. पण ते मान्य करायचं म्हणजे तुम्हाला मान्य करायचं.

मग ते डावं वळण. उतार होता, फार वेगही नव्हता. खाली काहीतरी खर्रकन घासलं आणि मागचं चाक रस्त्यावर नाहीच असं वाटलं. पुढचं मला आठवतं ते डांबराला कान लावून. भांडं फुटलं नव्हतं, झाकण उडालं होतं. नायट्रोजन तापल्या रस्त्यावर सांडत होता आणि त्याचा पांढरा धूर माझ्याकडे सरकत येत होता. लोक लांब उभे राहिले. त्यांना वाटलं गॅस आहे, पेट घेईल. मला ओरडून सांगायचं होतं की काही होत नाही, या, मला उचला. पण गळपट्टीचं हाड मोडलं होतं आणि आवाज निघत नव्हता. त्या धुरात पडल्या पडल्या मला तुमचंच वाक्य ऐकू येत होतं. स्टँड घासला तर चाक उचलतं.

तुम्ही दुसऱ्याच दिवशी आलात. धुळ्याहून एसटीने, चाचीला घेऊन, डब्यात खिमा आणि माझ्यासाठी वेगळी वरणबट्टी. माझ्या खोलीत खुर्ची एकच, तिच्यावर चाची बसल्या. तुम्ही उंबऱ्यात उभे. माझा हात गळ्यात बांधलेला. मी तयारीत होते. तुम्ही बोलाल, मग मी बोलेन, रडेन, आणि एकदाचं मोकळं होईल. तुम्ही खिडकीतून खाली अंगणात आडव्या टाकलेल्या गाडीकडे बघितलंत. खाली गेलात. मी खिडकीतून पाहत होते. तुम्ही वाकून आखूड शॉकअपवर हात ठेवलात. बराच वेळ ठेवलात. मग टेम्पो बोलावलात, गाडी चढवलीत, आणि वर येऊन विचारलंत, "दूध पितेस ना? हाड लवकर जुळते."

बस, एवढंच.

सहा आठवड्यांनी मी गाडी घ्यायला दुकानात आले. शॉकअप पुन्हा लांब, मूळ मापाचे, माझ्या वजनाच्या स्प्रिंगा चढवलेले. मी मनातल्या मनात म्हटलं, झालं, हट्ट सोडला नाहीच. मग बसले. आणि दोन्ही पाय टेकले. टाचा नाहीत, पण तळवे अर्ध्याच्या वर टेकले. गाडीची उंची तीच होती. सीट बदललं होतं. पुढून, मांड्या येतात तिथे, दोन्ही बाजूंनी फोम कापून ते निमुळतं केलं होतं, घोड्याच्या खोगिरासारखं. त्यामुळे पाय फाकत नव्हते, सरळ खाली जात होते. डबल स्टँडचे कानही तुम्ही घासून आत घेतले होते. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीची चेन ताणत होतात.

"चाचा, छान झालंय."

"हं."

त्यानंतर दीड वर्ष मी तुमच्याकडे येत राहिले. आपण गायींवर बोललो, रस्त्यांवर बोललो, चाचीच्या गुडघ्यांवर बोललो. जळगावच्या शॉकअपचा विषय एकदाही निघाला नाही. मी वाट बघत होते की तुम्ही म्हणाल, "बघ, सांगितलं होतं." तुम्ही म्हटलं असतंत तर मी माफी मागितली असती. तुम्ही म्हटलं नाहीत, म्हणून ती माझ्या तोंडात तशीच राहिली. कधीकधी दाराशी येऊन शब्द ओठावर यायचे आणि तुम्ही नेमके तेव्हाच हवेचा पंप सुरू करायचात. मला आता राग येतो, चाचा. तुमचा आणि माझा, दोघांचा. इतकं काय अवघड होतं?

इथवर लिहून कागद बाजूला ठेवला होता. परवा चौथ्यांदा मी तुमच्या गल्लीत शिरले आणि ह्या वेळी थांबले. शटरकडे नाही, वर घराकडे गेले. चाची इद्दतीत आहेत, चार महिने घराबाहेर पाऊल नाही, पांढऱ्या ओढणीत, भिंतीला टेकून बसलेल्या. मी काही बोलायच्या आधीच त्यांनी मला जवळ बसवलं. मी बराच वेळ रडले आणि मग मला जे तुम्हाला सांगायचं होतं ते त्यांना सांगितलं. जळगाव, आखूड शॉकअप, गिऱ्हाइकांसमोर बोललेलं ते वाक्य. मला वाटलं त्यांना हे नवीन असेल.

चाची म्हणाल्या, "माहीत आहे बेटी. तुझ्या खोलीवरून आलो त्या दिवशी ते जेवलेच नाहीत. म्हणाले, पोरगी बरोबर बोलली. मी गाडी मोजली, तिला मोजलंच नाही."

मी आणखी जवळ सरकले आणि त्या पुढे सांगत राहिल्या.

"मग तुझी गाडी खाली अंगणात आणली. मला म्हणाले, जैबून, बस. मी म्हटलं, वेडे झालात? मी आयुष्यात गाडीच्या पुढच्या सीटवर बसले नाही. म्हणाले, तू तिच्याएवढीच आहेस, बस. चार दिवस, बेटी! रोज सकाळी मला बसवायचे, पाय खाली सोड म्हणायचे, मग सुरीने फोम कापायचे. थोडं कापायचे, पुन्हा बसवायचे. शेजारच्या बाया गच्चीवरून बघून हसायच्या. मी म्हटलं, लोक हसतात. तर म्हणाले, तिला पण हसले होते. तू चार दिवस सहन कर."

मग चाची हसायला लागल्या, आणि हसता हसता ओढणीत तोंड लपवलं.

मी विचारलं, "मला का नाही सांगितलं त्यांनी?"

"सांगायला शिकलेच कुठे? मला तरी काय सांगितलं बत्तीस वर्षांत?" मग त्या खालच्या आवाजात म्हणाल्या, "एक सांगू? शेवटच्या दिवशी पाय बरोबर टेकले ना, तेव्हा मी त्यांना म्हटलं, आता किल्ली द्या, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन येते. ते इतके हसले. म्हणाले, ही त्या पोरीची गाडी आहे, तिला विचार."

इद्दत संपली की मी येणार आहे, चाचा, चाचींना गाडी शिकवायला. त्यांना सांगितलं तेव्हा त्या "हट्" म्हणाल्या, पण जिना उतरताना मागून हाक मारून त्यांनी विचारलं की पंजाबी ड्रेसवर चालेल ना.

एवढं होऊनही माझी तगमग थांबलेली नाही, कारण एक गोष्ट तुम्ही अर्धवट सोडून गेलात. मागच्या महिन्यात तुम्ही नवे शॉकअप बसवलेत. गाडी दबल्यावर किती वेगाने वर यावी ते ठरवणारा खटका त्यांना खाली आहे. एकेक क्लिक फिरतो. तुम्ही एक चक्कर मारायला लावलीत, शेपटीकडे बघितलंत आणि म्हणालात, "अजून दोन क्लिक लागतील." तेवढ्यात मला फोन आला, एक म्हैस अडली होती. तुम्ही म्हणालात, "जा, जा, ती आधी. उद्या ये." उद्या मी आले नाही. परवाही नाही. लसीकरण सुरू होतं. मग चाचींचा फोन आला.

दोन क्लिक, पण कुठल्या बाजूला? घट्ट की सैल, हे तुम्ही सांगितलंच नाही. मी चाचींना विचारलं, त्यांना काय माहीत. त्यांच्याकडून किल्ली घेऊन दुकान उघडलं, भिंतीवरचे खडूचे आकडे बघितले, त्यात माझी गाडी होती, पण क्लिक नव्हते.

काल सकाळी मी दोन क्लिक सैल केले आणि दगा आबांच्या गावाच्या रस्त्याने गेले. गाडी खड्ड्यानंतर दोनदा नाचली. परत येऊन मूळ जागी आणले. आज दोन क्लिक घट्ट केले. सुरुवातीला बरं वाटलं, पण ओळीने खड्डे आले की शेपटी वर यायला वेळच मिळेना, दबतच गेली. मग मी रस्त्याच्या कडेला थांबले, दोन्ही पाय टेकवले, आणि मोठ्याने म्हटलं, "चाचा, तुम्ही चुकलात." तुम्ही त्या दिवशी मला एकटीला बघितलं होतं. भांडं रिकामं होतं, पेटी रिकामी होती. आज सगळं भरलेलं आहे. मी एक क्लिक परत सैल केला. फक्त एकच ठेवला.

बारीपाड्याच्या अलीकडची मोरी आली. गाडी एकदा खाली गेली, एकदा वर आली, आणि पुढे निघाली. मोरीपलीकडे क्षणभर थांबून मी झाकण उघडून बघितलं, नायट्रोजनची पातळी हललीही नव्हती. पुढच्या गावात गाय माजावर आली होती, माणसं खोळंबली होती. मग मी कुठेच थांबले नाही. पण तुमच्याशी भांडत भांडत गेले, तोंडाने, मोठ्याने, सगळ्या रस्त्याने. दोन नव्हे, एकच. ऐकताय ना? एकच पुरला.